खरेदीची किंमत कुठे पाहावी, कुठे पाहू नये: शेअर सांभाळणाऱ्यांसाठी

शेअर कोणता घ्यावा हे सांगणारे लोक पावलोपावली भेटतात. घेतलेल्या शेअरचे पुढे काय करावे हे सांगणारा मात्र शोधावा लागतो. वास्तविक वैयक्तिक गुंतवणूकदाराचा बराचसा वेळ या दुसऱ्याच कामात जातो. भाव पडला तर आणखी घ्यावेत का, वाढला तर थोडे विकावेत का, बोनस आला म्हणजे नेमके काय मिळाले, एका कंपनीच्या दोन झाल्या तर हिशेब कसा मांडावा, मार्चअखेर कोणते सौदे करावेत आणि आपल्या पश्चात हे सगळे कोणाच्या हाती लागेल, असे हे प्रश्न आहेत. या प्रत्येक प्रश्नात एक आकडा मध्ये येतो, तो म्हणजे खरेदीची किंमत. ब्रोकरचे ॲप उघडले की प्रत्येक शेअरसमोर हिरव्या किंवा लाल अक्षरांत जो नफा-तोटा दिसतो, तो याच आकड्यावरून काढलेला असतो.

हा आकडा कराच्या हिशेबासाठी पैशापर्यंत अचूक हवा आणि शेअर ठेवायचा की विकायचा हे ठरवताना तो नजरेआड हवा. बहुतेकांचे नेमके उलटे होते: निर्णय त्या आकड्यावर घेतले जातात आणि विवरणपत्र भरण्याची वेळ आली की तोच सापडत नाही.

आधी नोंद

प्रत्येक खरेदीची नोंद त्याच दिवशी करावी. एक्सेलमध्ये करा किंवा साध्या वहीत, पण तारीख, शेअरची संख्या, भाव, दलाली व इतर खर्च आणि कोणत्या डिमॅट खात्यात, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवण्याच्या खात्यात, ते आले, एवढे तरी लिहावेच. त्याखाली दोन वाक्ये आणखी लिहावीत: हा शेअर का घेतला आणि काय घडले तर तो विकायचा. ही दोन वाक्ये खरेदीच्या दिवशी सहज लिहिता येतात; भाव तीस टक्के पडल्यावर तीच प्रामाणिकपणे लिहिणे जवळजवळ अशक्य असते, कारण तोपर्यंत मन सबबी शोधू लागलेले असते. ‘कंपनी चांगली आहे’ हे कारण नव्हे. ‘कर्ज दरवर्षी कमी होत आहे आणि नवा कारखाना पुढील दोन वर्षांत सुरू होईल’ हे कारण आहे, कारण ते खोटे ठरू शकते आणि खोटे ठरले तर ते आपल्याला कळते.

खर्चाबाबत एक बारकावा लक्षात ठेवावा. डिलिव्हरीच्या, म्हणजे शेअर प्रत्यक्ष खात्यात येतात-जातात अशा, सौद्यावर खरेदी आणि विक्री अशा दोन्ही वेळा ०.१ टक्का रोखे व्यवहार कर, म्हणजे एसटीटी, लागतो. भांडवली नफा, म्हणजे शेअर विकून झालेला नफा, काढताना हा कर वजा करता येत नाही. दलाली, मुद्रांक शुल्क आणि त्यावरील इतर आकार मात्र धरता येतात. कॉन्ट्रॅक्ट नोटवर, म्हणजे ब्रोकरने दिलेल्या सौद्याच्या बिलावर, हे सर्व स्वतंत्र ओळींत छापलेले असते. ती ई-मेलने येते आणि बहुतेक जण ती उघडतही नाहीत. प्रत्येक आर्थिक वर्षाचा एक फोल्डर करून त्या तेथे उतरवून ठेवाव्यात, कारण पुढे ब्रोकर बदलला किंवा त्याने धंदाच गुंडाळला, तर जुने खाते उघडून पाहण्याची सोय राहीलच असे नाही.

एका डिमॅट खात्यातून दुसऱ्यात शेअर हलवताना शेअर जातात, पण त्यांची खरेदीची किंमत बरोबर जात नाही. नव्या ब्रोकरच्या ॲपमध्ये ती जागा रिकामी राहते किंवा तेथे हलवल्याच्या दिवसाचा भाव बसतो. आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, विक्रीचे सौदे दिसतात, पण त्यातील खरेदीच्या रकान्यावर डोळे झाकून विसंबू नये. तुमची नोंद हीच मूळ. बाकी सर्व तिच्याशी पडताळून पाहायचे.

सरासरी भाव आणि करातला भाव

ॲपवर दिसणारी सरासरी किंमत आणि कर काढताना धरायची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिमॅट खात्यात जे शेअर आधी आले ते आधी विकले गेले, असे कायदा मानतो. समजा, एका कंपनीचे १०० शेअर जून २०२३ मध्ये ४०० रुपयांना घेतले आणि आणखी १०० शेअर जानेवारी २०२५ मध्ये ९०० रुपयांना घेतले. सरासरी दिसेल ६५०. जून २०२५ मध्ये ८०० रुपयांच्या भावाने १०० शेअर विकले, तर मनातल्या मनात आपण शेअरमागे १५० रुपये नफा धरतो, म्हणजे १५,००० रुपये. कायद्याच्या दृष्टीने मात्र विकले गेले ते २०२३ चे शेअर, त्यामुळे नफा ४०,००० रुपये आणि तोही दीर्घ मुदतीचा, म्हणजे बारा महिन्यांहून अधिक ठेवलेल्या शेअरवरचा. उरलेले १०० शेअर ९०० रुपयांचे आहेत आणि ते आजच्या भावाला तोट्यात आहेत.

हा नियम प्रत्येक डिमॅट खात्याला स्वतंत्रपणे लागतो. त्यामुळे ज्यांना काही शेअर पिढीजात ठेव म्हणून राखायचे असतात आणि त्याच कंपनीत अधूनमधून खरेदी-विक्रीही करायची असते, त्यांनी दोन खाती ठेवणे सोयीचे पडते. दुसऱ्या खात्याचा वार्षिक आकार फार नसतो; मिश्र नोंदी सोडवताना जाणारा वेळ पाहता तो खर्च मला परवडणारा वाटतो.

भाव पडल्यावर आणखी घेणे

‘ॲव्हरेज करतो’ हे शेअर बाजारातले सर्वांत महागडे वाक्य असावे. त्यामागचा तर्क असा असतो की ५०० रुपयांना घेतलेला शेअर ३०० ला मिळतो आहे, आणखी तेवढेच घेतले की सरासरी ४०० होईल आणि भाव ४०० ला आला की आपण ‘सुटू’. कंपनीला आपली सरासरी ठाऊक नसते. भाव ४०० ला येण्याचे किंवा न येण्याचे कारण कंपनीच्या धंद्यात असते, आपल्या वहीत नसते.

दिवाण हाऊसिंग फायनान्स, म्हणजे डीएचएफएल, हे उदाहरण या बाबतीत अनेक अंगांनी बोलके आहे. २१ सप्टेंबर २०१८ रोजी या शेअरचा भाव एका दिवसात ४० टक्क्यांहून अधिक कोसळला. तोवर तो सहाशे रुपयांच्या वर होता. त्यानंतर प्रत्येक पायरीवर स्वस्त झाला म्हणून घेणारे लोक होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले आणि कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तरीही शेअरचे सौदे चालूच होते आणि ‘नवा मालक आला की भाव वाढेल’ या आशेवर खरेदी होत होती. नवा मालक आला. पिरामल समूहाची योजना मंजूर झाली. त्या योजनेत जुन्या भागधारकांच्या वाट्याला काहीही नव्हते. जून २०२१ मध्ये शेअरची नोंदणी बाजारातून रद्द झाली आणि त्यांचे मूल्य शून्य झाले. कंपनी वाचणे आणि भागधारक वाचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दिवाळखोरीत देणेकऱ्यांची रांग लागते आणि तिच्यात भागधारक सर्वांत शेवटी उभा असतो. त्याच्यापर्यंत क्वचितच काही पोहोचते.

येस बँकेच्या बाबतीत बँक वाचली आणि शेअरही राहिला, पण विकण्याची मुभा गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये चारशे रुपयांच्या आसपास असलेला भाव मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात वीस रुपयांच्या खाली आला आणि त्यानंतर सरकारने अधिसूचित केलेल्या पुनर्रचना योजनेनुसार १०० पेक्षा अधिक शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी अडकवून ठेवण्यात आले. मार्च २०२३ पर्यंत ते विकता आले नाहीत. भाव पडतो तेव्हा ‘नंतर पाहू’ म्हणणाऱ्याने हेही गृहीत धरावे की नंतर विक्रीचा दरवाजाच बंद असू शकतो.

म्हणून पडलेल्या भावात आणखी घेण्यापूर्वी खरेदीची किंमत हाताने झाकून एकच विचारावे: हा शेअर आज माझ्याकडे अजिबात नसता, तर आजच्या माहितीवर आणि आजच्या भावाला मी तो घेतला असता का? उत्तर ‘हो’ असेल तर जरूर घ्यावा, परंतु एका कंपनीत एकूण गुंतवणुकीच्या किती टक्के रक्कम घालायची ही मर्यादा आधीच ठरलेली असावी. माझ्या मते सामान्य गुंतवणूकदाराने घातलेल्या रकमेच्या दहा टक्क्यांवर एका शेअरात जाऊ नये आणि पहिली खरेदी त्याच्या निम्म्याने करावी, म्हणजे भाव खाली आल्यास घेण्याला जागा राहते आणि शिस्तही राहते. उत्तर ‘नाही’ असेल, तर आणखी घेण्याचा प्रश्नच मिटतो आणि असलेले का ठेवले आहेत हा प्रश्न उभा राहतो.

किती कंपन्या असाव्यात

यावर फार चर्चा होते. तितकी गरज नाही. पंधरा ते वीस कंपन्यांचे तिमाही निकाल एका माणसाला नोकरी-धंदा सांभाळून वाचता येतात, पन्नास कंपन्यांचे येत नाहीत. वाचता येत नसतील तर निर्देशांकाचा म्युच्युअल फंड घ्यावा, तो स्वस्तही पडतो. मात्र मोजताना केवळ कंपन्यांची नावे मोजू नयेत. चार खासगी बँका, दोन गृहकर्ज कंपन्या आणि एक विमा कंपनी ही सात नावे असली तरी व्याजदर आणि थकीत कर्जे यांचा फटका सातहींना एकाच वेळी बसतो. त्यात आपली नोकरीही बँकेत असेल आणि कंपनीने दिलेले शेअरही त्याच बँकेचे असतील, तर पगार व बचत या दोन्ही गोष्टी एकाच खुंटीला टांगलेल्या आहेत हे ओळखावे.

विकताना

शेअर विकण्याची कारणे तीनच असावीत. खरेदीच्या वेळी लिहिलेले कारण संपले, भाव धंद्याच्या मानाने इतका वाढला की पुढील अनेक वर्षांची वाढ त्यात आधीच धरली गेली, किंवा पैशांची गरज लागली. ‘मुद्दल तरी सुटू दे’ हे चौथे कारण कुठल्याही यादीत नसावे, तरी प्रत्यक्षात सर्वाधिक विक्री त्याच कारणाने होत असावी असा मला संशय आहे.

एखादा शेअर वाढत वाढत एकूण गुंतवणुकीच्या तीस टक्क्यांवर गेला तर काय करावे, हा सुखाचा प्रश्न आहे, पण प्रश्न आहेच. येथे दोन मते आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. जिंकणारा घोडा कापून हरणाऱ्यांना खाऊ घालू नये, असे एक मत. दुसरे असे की एका संचालक मंडळाच्या लबाडीवर घरादाराची बचत अवलंबून ठेवू नये. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर या कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेबातील खोटेपणाची कबुली देणारे पत्र दिले आणि त्या एका दिवसात शेअरचा भाव तीन चतुर्थांशाहून अधिक घसरला. आदल्या दिवसापर्यंत ती निफ्टीतील, नावाजलेल्या लेखापरीक्षकांनी तपासलेली कंपनी होती. मी दुसऱ्या मताच्या बाजूने आहे, पण विक्री एकदम न करता दोन-तीन आर्थिक वर्षांत विभागून करावी असे सुचवतो. कारण तेथे कराची सवलत कामी येते.

२३ जुलै २०२४ पासून नोंदणीकृत शेअरवरील कराचे गणित असे आहे. बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकलेल्या शेअरवरचा नफा दीर्घ मुदतीचा. आर्थिक वर्षात असा सव्वा लाख रुपयांपर्यंतचा नफा करमुक्त आणि त्यावरील नफ्यावर १२.५ टक्के कर. त्याआधी विकल्यास नफा अल्प मुदतीचा आणि त्यावर २० टक्के. यांवर सेस वेगळा.

आता पुष्कळांना पडणारा प्रश्न: दहा महिने झाले आहेत, कंपनीबद्दलचे मत बदलले आहे, मग बारा महिने पूर्ण होईपर्यंत थांबावे का? आकडेच मांडू. चार लाखांना घेतलेले शेअर आज पाच लाखांचे आहेत. आज विकल्यास एक लाखावर २०,००० रुपये कर आणि हातात ४,८०,००० रुपये. दोन महिने थांबलात आणि सव्वा लाखाची मर्यादा त्या वर्षी पूर्ण शिल्लक असेल, तर कर शून्य. पण तेवढ्यात भाव चार टक्के पडला तर हातात तेच ४,८०,००० रुपये येतील. मर्यादा आधीच संपलेली असेल, तर थांबण्याचा फायदा आणखी थोडका आहे: भाव साधारण पावणेदोन टक्के पडला की बरोबरी होते. एका शेअरचा भाव दोन महिन्यांत चार टक्के हलणे ही बाजारात अगदी रोजची गोष्ट आहे. मत पक्के बदललेले असेल तर कर भरून बाहेर पडावे. केवळ थोडी रक्कम मोकळी करायची असेल आणि कंपनीबद्दल तक्रार नसेल, तर खुशाल थांबावे.

मार्चमधील काम

सव्वा लाखाची करमुक्त मर्यादा पुढील वर्षी नेता येत नाही. त्यामुळे दीर्घ मुदतीच्या नफ्यात असलेले काही शेअर मार्चमध्ये विकून ते पुन्हा विकत घेणे हा सरळ मार्ग आहे. त्याने खरेदीची किंमत वर सरकते आणि पुढे कधी तरी द्यावा लागणारा कर कमी होतो. यात दोन अटी पाळाव्यात. त्याच दिवशी विकून त्याच दिवशी घेतले तर तो इंट्राडेचा सौदा धरला जातो आणि डिमॅटमधील शेअर हलतच नाहीत, म्हणून पुन्हा खरेदी पुढच्या दिवशी करावी आणि मधल्या एका दिवसात भाव थोडा इकडेतिकडे होईल हे मान्य करावे. दुसरे, नव्या खरेदीपासून बारा महिने नव्याने मोजले जातात. येत्या वर्षात पैसे लागणार असतील तर हा खटाटोप उलटा अंगावर येतो.

तोट्यातील शेअरबाबत नियम थोडे अधिक गुंतागुंतीचे आहेत. अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, दीर्घ मुदतीचा तोटा मात्र दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच. उरलेला तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीच्या आत भरलेले असावे लागते. उत्पन्न करपात्र नाही म्हणून विवरणपत्र न भरणारे निवृत्त लोक आणि गृहिणी येथेच हा हक्क गमावतात. तोटा झाला त्या वर्षी तर विवरणपत्र भरलेच पाहिजे.

शेवटच्या आठवड्याच्या भरवशावर राहू नये. बाजार ३१ मार्चला बंद असू शकतो आणि ज्यांना आपली कागदपत्रे शोधायची आहेत त्यांचा एक दिवस त्यातच जातो.

बोनस, स्प्लिट, हक्कभाग, विभाजन

बोनस जाहीर झाला की भाव वाढतो आणि घरात आनंद होतो. खरे पाहता, एकास एक बोनस मिळाला की शेअर दुप्पट होतात आणि प्रत्येकाचा भाव निम्मा होतो. संपत्ती तेवढीच राहते. पण कराच्या हिशेबात मोठा फरक पडतो. समजा, १०० शेअर १,००० रुपयांना घेतले आहेत, भाव १,२०० आहे आणि एकास एक बोनस आला. भाव ६०० झाला. आता मूळ १०० शेअरची किंमत अजूनही १,००० रुपयेच धरायची आणि बोनसच्या १०० शेअरची किंमत शून्य. मूळचे शेअर आधी आले म्हणून ते आधी विकले जातील आणि कागदावर शेअरमागे ४०० रुपये तोटा दिसेल. पुढे बोनसचे शेअर विकाल तेव्हा सगळीच्या सगळी रक्कम नफा. बोनस शेअरचे बारा महिने ते वाटप झाले त्या तारखेपासून मोजायचे. केवळ असा तोटा मिळवण्यासाठी बोनसआधी शेअर घेणाऱ्यांसाठी कायद्यात अडसर आहे: नोंद-तारखेपूर्वीच्या, म्हणजे बोनस कोणाला मिळणार हे ज्या तारखेला ठरते तिच्यापूर्वीच्या, तीन महिन्यांत घेतलेले मूळ शेअर त्यानंतरच्या नऊ महिन्यांत विकले आणि बोनसचे शेअर हाती ठेवले, तर तो तोटा वजा करता येत नाही. तो बोनस शेअरची किंमत म्हणून धरला जातो.

स्प्लिटमध्ये यापैकी काहीच होत नाही. दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच झाले, तर जुनी किंमत पाचात विभागायची आणि तारीख जुनीच ठेवायची.

हक्कभागांच्या बाबतीत आळस थेट पैशात मोजला जातो. कंपनी जुन्या भागधारकांना सवलतीच्या भावात नवे शेअर देते, तेव्हा तो हक्क डिमॅट खात्यात वेगळ्या नावाने जमा होतो. २०२० मध्ये रिलायन्सने दर १५ शेअरमागे एक शेअर १,२५७ रुपयांना देऊ केला होता आणि तो हक्क बाजारात ठरावीक दिवस विकताही येत होता. अशा वेळी तीन मार्ग असतात: अर्ज करून पैसे भरणे, हक्क विकून टाकणे, किंवा काहीच न करणे. तिसऱ्या मार्गाने मुदत संपली की हक्क निकालात निघतो आणि त्याची किंमत शून्य होते. खात्यात अनोळखी नावाची नोंद दिसली की ती काय आहे हे त्याच दिवशी पाहावे.

कंपनीचे विभाजन झाले की खरेदीची किंमतही विभागावी लागते आणि ती कोणत्या प्रमाणात, हे कंपनी कळवते. जुलै २०२३ मध्ये रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली, तेव्हा मूळ किमतीचा ९५.३२ टक्के हिस्सा रिलायन्सकडे आणि ४.६८ टक्के जिओ फायनान्शियलकडे धरायचा होता. रिलायन्सचा शेअर २,००० रुपयांना घेतला असेल, तर विभाजनानंतर त्याची किंमत १,९०६ रुपये ४० पैसे आणि जिओ फायनान्शियलची ९३ रुपये ६० पैसे. नवा शेअर फुकट आला असे समजून तो विकणारे अनेक जण असतात. तो फुकट नसतो, आणि त्याची तारीखही मूळ खरेदीचीच धरली जाते. कंपनीचे हे पत्र मिळाले की वहीत त्याच वेळी दोन ओळी कराव्यात. चार वर्षांनी ते पत्र शोधणे त्रासाचे आहे.

लाभांश १ एप्रिल २०२० पासून भागधारकाच्या हातात करपात्र आहे आणि त्यावर कर आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याच्या दराने लागतो. जो तीस टक्क्यांच्या टप्प्यात आहे, त्याने केवळ लाभांशासाठी शेअर घेण्यापूर्वी हा कर वजा करून परतावा मोजावा.

मंदीत

सेन्सेक्स निर्देशांक २००८ च्या जानेवारीत २०,८०० च्या पुढे बंद झाला होता. ९ मार्च २००९ रोजी तो ८,१६० वर होता आणि जुना उच्चांक टिकाऊपणे मागे टाकायला त्याला २०१३ उजाडावे लागले. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात सुमारे ३,९३५ अंकांनी पडून २५,९८१ वर आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जानेवारीच्या उच्चांकापुढे गेला. एक मंदी पाच वर्षांहून अधिक चालली, दुसरी दहा महिने. पुढची कोणत्या जातीची असेल हे आधी कळत नाही, म्हणून पाच वर्षांत लागणारे पैसे, म्हणजे मुलीचे शिक्षण, घराची पहिली रक्कम, निवृत्तांचा घरखर्च, शेअरमध्ये नसावेतच. ब्रोकरकडून उधार घेऊन शेअर घेतलेल्यांना तर वाट पाहण्याचा पर्यायच उरत नाही, कारण तारण कमी पडले की ब्रोकर शेअर विकून टाकतो, आणि तेही सर्वांत वाईट भावाला.

शेअर खरोखर आपल्याच खात्यात आहेत ना

शेअर ब्रोकरकडे नसतात. ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडील आपल्या खात्यात असतात. तरीही ग्राहकांचे शेअर तारण ठेवून कर्ज उचलल्याचे प्रकरण घडू शकते, हे कार्वी स्टॉक ब्रोकिंगबाबत सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, नोव्हेंबर २०१९ मध्ये दिलेल्या आदेशाने देशाला कळले. तेव्हापासून नियम बरेच कडक झाले आहेत आणि तारण ठेवण्यासाठी खातेदाराच्या मोबाइलवर ओटीपी येतो. आपल्याकडून अपेक्षा एवढीच की तो ओटीपी फोनवरून कोणालाही सांगू नये आणि डिपॉझिटरीकडून येणारे एकत्रित खातेविवरण ब्रोकरच्या ॲपशी ताडून पाहावे. दोन आकडे जुळले नाहीत तर आधी ब्रोकरला लेखी विचारावे, समाधान झाले नाही तर सेबीच्या स्कोअर्स संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी.

आपल्या पश्चात

नामनिर्देशन केले की वारसाचा प्रश्न मिटला, हा समज चुकीचा आहे. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद जयंत साळगावकर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले की नामनिर्देशित व्यक्ती शेअरची मालक ठरत नाही. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. नामनिर्देशनाने शेअर लवकर हस्तांतरित होतात, ही त्याची मोठी सोय आहेच. म्हणून दोन्ही करावे आणि दोन्हींत नाव शक्यतो एकच असावे, म्हणजे भावंडांत वाद होण्यास जागा कमी राहते.

लाभांश सलग सात वर्षे कोणी उचलला नाही, तर तो आणि त्यासोबत शेअरही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. ते परत मिळवता येतात, पण कागदपत्रांचा व्याप मोठा असतो. वडिलांच्या पेटीत जुनी कागदी प्रमाणपत्रे सापडली, तर आधी कंपनीचे आजचे नाव शोधावे, कारण विलीनीकरणांत नावे बदललेली असतात, आणि मग तिच्या निबंधकाला, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला, पत्र लिहावे. कागदी शेअर १ एप्रिल २०१९ पासून विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत. वारसाच्या नावे मात्र होतात आणि त्यानंतर ते डिमॅटमध्ये आणून विकता येतात.

वारसाने किंवा भेट म्हणून मिळालेल्या शेअरची किंमत शून्य नसते. ज्याने ते मुळात विकत घेतले त्याची किंमत आणि त्याची तारीख पुढे चालते. १ फेब्रुवारी २०१८ पूर्वी घेतलेल्या शेअरला आणखी एक सवलत आहे: ३१ जानेवारी २०१८ रोजीचा बाजारातील सर्वोच्च भाव खरेदीची किंमत म्हणून धरता येतो. आजोबांनी १० रुपयांना घेतलेल्या शेअरचा त्या दिवशीचा सर्वोच्च भाव ८०० रुपये होता आणि आज तो १,५०० ला विकला, तर करपात्र नफा ७०० रुपये. ६०० ला विकला तर नफा शून्य, मात्र ८०० धरून दोनशेचा तोटा दाखवता येत नाही. त्या तारखेपूर्वी मिळालेल्या बोनस शेअरनाही हाच भाव लागू होतो, त्यांची किंमत शून्य धरायची नाही. त्यानंतर एकाचे पाच असे स्प्लिट झाले असेल, तर ८०० च्या आकड्यालाही त्याच प्रमाणात भागावे लागते, आणि ही एक ओळ विसरल्याने विवरणपत्रात चुकीचा, पाचपट मोठा आकडा भरला जाऊ शकतो.